रेवाची मनगटी

निनादच्या मनगटीतला एक काळा मणी लाल झाला, तेव्हा तो पाळण्यात खुदखुदत होता. अंगात ताप नव्हता. तरी वैजयंता कणकेच्या हातांनीच त्याला उचलून दवाखान्यात धावली.

मेश्राम सिस्टरांनी लगेच सलाईनमधून औषध सुरू केलं. "रक्तात जंतू पसरायला लागले होते. मण्यानं ओळखलं आणि तुम्ही वेळेत आणलंत, वहिनी."

थोरल्या लेकीच्या, रेवाच्या वेळी तिनं 'फार उशीर झाला' एवढंच ऐकलं होतं. रेवा किरकिरायला लागली तेव्हा दृष्ट लागली असेल म्हणून तिनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या होत्या आणि पोर निजली म्हणून निश्चिंत झाली होती.

ही मनगटीही रेवाचीच. थोरलीचं काहीतरी धाकट्याच्या अंगावर असावं म्हणून जपलेली. सिस्टरांनी तिच्यात आजार ओळखणारा हा एकच नवा मणी ओवला होता; बाकीचे रेवाचे, साधे.

संध्याकाळी निनाद दूध प्यायला. मणी पुन्हा काळा झाला, बाकीच्यांत मिसळून गेला. वैजयंता एकेका मण्यावरून बोट फिरवत राहिली.

"काय शोधताय?" सिस्टरांनी विचारलं.

"रेवाचे मणी," ती म्हणाली. "त्यातला एखादा तिच्यासाठीही लाल होतो का, बघते."