वरची पट्टी

गळ्याशपथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. हवं तर देवावर हात ठेवून सांगते.

आमच्या कॉलनीच्या समूहगान मंडळाच्या प्रमुख देवस्थळीबाई. बायकांचे आवाज सुधारायचे म्हणून काय काय नवीन आणलं त्यांनी! फुगे फुगवायला लावले, मेणबत्त्या फुंकायला लावल्या, आरशासमोर तोंडं वासायला लावली. गाण्याची पट्टी मात्र तीच, उंच, फक्त त्यांच्या गळ्याला सोसेल अशी. त्या वर गेल्या की गच्चीवरची कबुतरं दुसऱ्या कॉलनीत राहायला जायची.

माझी शेजारीण प्रमिला तिथवर पोचायचीच नाही. बाई सगळ्यांदेखत तिला म्हणाल्या, "तुमच्यात सूरच नाही हो. स्पर्धेत नुसते ओठ हलवा." घरी येऊन प्रमिला म्हणाली, "एवढी स्पर्धा झाली की मंडळ सोडते मी."

स्पर्धेच्या दिवशी सर्दीने बाईंचाच घसा बसला. पेटीवाल्याला हळूच म्हणाल्या, "आज जरा खालून घ्या." इतकी वर्षं जे सुचलं नाही, ते एका सर्दीने सुचलं. पहिल्याच ओळीला मागच्या रांगेतून असा भरदार आवाज आला, की परीक्षकांनी लिहिता लिहिता मान वर केली. नुसते ओठ हलवायचे, हे प्रमिला विसरूनच गेली होती. बक्षीस मिळालं. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "चुकलं हो माझं."

बरं, कबुतरं खरी आहेत, पण हे शेवटचं मी पदरचं घातलं. खरं तर बाई म्हणाल्या, "बघा, फुग्यांचा फायदा झाला की नाही?"