गुलाबी शेवंती

पारख्याने चिमट्याने पोस्टाचं तिकीट उचललं, तसा दादा पुढे सरकून बसला. शेजारच्या खुर्चीत त्याची धाकटी बहीण चिमी तोंड फिरवून बसली होती. नातवंडं झाली तरी घरातलं हे नाव काही सुटलं नव्हतं बिचारीचं.

तिकीट चिनी होतं, जुनं, पोस्टाचा काळा शिक्का बसलेलं. त्यावर गुलाबी शेवंती. कॅटलॉगात हीच शेवंती पांढरीशुभ्र होती, म्हणून दादा उभा जन्म ज्याला त्याला सांगत आला होता, की छापखान्यात रंगाचा घोटाळा झाला, अशी गुलाबी जगात एकच आणि ती माझ्याकडे! आता त्या बढायाच अंगाशी आल्या होत्या. वडिलांच्या मागे भांडी वाटली, कपाटं वाटली, कुरकुर नाही. वडिलांनीच आणलेल्या या तिकिटापाशी घोडं अडलं. एवढं मोलाचं आहे तर वीक आणि निम्मं दे, असं चिमी म्हणाली. जीव गेला तरी विकणार नाही, असं दादा म्हणाला. झालं! बोलणं बंद. आजचा निकाल लागला की तुझ्या दारात पाऊल ठेवणार नाही, हे तिने वर येताना जिन्यातच ऐकवलं होतं. दादाला तिकीट हवं होतं आणि बहीणही हवी होती. दोन्ही कसं जमवायचं ते मात्र त्याला सुचत नव्हतं.

पारखी भिंगातून बघता बघता गालात हसला.

"मला सांगा, तिकीट आधी छापतात की शिक्का आधी मारतात?"

"हे काय विचारणं झालं? तिकीट आधी!"

"मग तुमचा गुलाबी रंग शिक्क्याच्या वर कसा चढला?"

दादा टेबलावर वाकला. "म्हणजे खोटं आहे?"

"तिकीट अस्सल आहे हो. फूल तेवढं कुणीतरी घरी रंगवलंय. पण निगुतीने, एकही पाकळी बिघडवलेली नाही." पारख्याने तिकीट उलटं केलं. "आणि हे बघा."

मागे एक गुलाबी बोट उमटलं होतं. इवलंसं. धक्का लागेल म्हणून दादाने ते तिकीट कधी अल्बममधून काढलंच नव्हतं, तर मागची बाजू दिसणार कुठून!

चिमीने भिंग ओढून घेतलं आणि ती वाकून बघत राहिली. जरा वेळाने तिचे खांदे हलायला लागले. दादा घाबरला. रडते की काय ही? कसलं रडणं! बाई हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"दादा, अरे, आपल्या घरात लहान मूल एकच होतं!"

"तू?"

"तू सहलीला गेला होतास. मला नेलं नाहीस. बाबांनी तुझ्यासाठी हे आणून ठेवलं होतं. फूल कसं आजाऱ्यासारखं पांढरंफटक दिसत होतं रे, मग मी..." पुढचे शब्द हसण्यातच बुडाले.

दादाला एकेक चेहरा आठवला. लग्नाआधी सासऱ्यांना हे तिकीट दाखवून छाप पाडली होती. साहेबांना दाखवलं होतं. दाताच्या डॉक्टरलासुद्धा सोडलं नव्हतं! आणि मग तोही जो फुटला, तो पोट धरून हसत सुटला. पारख्याला दोघांसाठी पाणी आणावं लागलं. कित्येक महिन्यांनी बहीणभाऊ एकमेकांकडे बघून हसत होते, आणि दादाला इतकं हलकं वाटत होतं, की गुलाबी रंग खोटा ठरला याचं वाईट वाटून घ्यायचंही तो विसरला.

"किंमत काय येईल हो?" चिमीने श्वास सावरत विचारलं.

"काहीच नाही. रंगवलेल्या तिकिटाला कोण विचारतो?"

"ऐकलंस? आता वाटणी कशाची करायची?"

दादाने तिकीट अलगद अल्बममध्ये ठेवलं आणि चेहरा अगदी गंभीर केला.

"चित्रकार अजून हयात आहे ना, म्हणून भाव येत नाही. ती गेली की बघ, लाखाला जाईल."

चिमीने पर्स उगारली आणि त्याच्या खांद्यावर हाणलीच.

"मग बस वाट बघत!"

"बसतो की," दादा म्हणाला. "मला कुठे घाई आहे?"