उतारावरची गाडी

अकोल्याच्या सपाट रस्त्यावर गाडी पुन्हा शहाण्यासारखी थांबली. ट्रक विकणाऱ्या एजन्सीच्या मॅनेजरनं ब्रेकवरचा पाय काढला आणि शेजारी बसलेल्या सहदेवकडं पाहून तो हसला.

"काय खराबी आहे हिच्यात? नवी आहे. रुळेल."

"घाटात चाला माह्यासंग," सहदेव म्हणाला. "सपाटीवर त बैलबंडीबी थांबते."

घाटात यायला मॅनेजरला कधीच वेळ नसे.

या डिझेलच्या ट्रकसाठी मोर्शीच्या सहदेवनं वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. त्या काळात मनात आलं म्हणून ट्रक मिळत नसे, नंबर लागावा लागे. तोवर तो दुसऱ्यांच्या पेट्रोलच्या गाड्या चालवत राहिला. चढावर त्यांचं पाणी उकळायचं आणि हा बादली घेऊन नाला शोधत फिरायचा. आपली गाडी आली की घाटावरच्या सेमाडोहचं सागवान एका दमात आणू, असं तो बायकोला, सत्यभामाला, सांगायचा. गाडी आली. चढावर तिनं खरोखरच दम खाल्ला नाही. सगळा घाट ती अशी चढली, की सहदेव स्टिअरिंगवर ताल धरून गाऊ लागला.

सागवान भरून उतरताना निम्म्या घाटात ब्रेकचं पायडल तळाशी गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तळाशी. एका अंगाला दरी होती. सहदेवनं दुसऱ्या अंगाच्या डोंगरावर गाडी घातली. लाकडांवर बसलेल्या मजुरांनी उड्या टाकल्या. सगळे वाचले, पण एकाचा पाय मोडला. गाडी थंड झाल्यावर पाहिलं, तर ब्रेक पहिल्यासारखा घट्ट.

तेव्हापासून त्यानं गाडी घाटात नेली नव्हती. अमरावतीच्या मिस्त्रीनं ब्रेक उघडून पाहिला, त्याला काही सापडलं नाही. एजन्सीचे लोक म्हणत, ड्रायव्हरलाच डिझेलच्या गाडीची सवय नाही. शेवटी सत्यभामा वैतागली. "गाडी बदलून आना, नाही त घरी येऊ नोका."

त्या दिवशीही गाडी फिरवून आणल्यावर मॅनेजर हसून आत निघून गेला, तेव्हा सहदेवनं गाडी एजन्सीच्या फाटकात आडवी लावली आणि तिथंच मुक्काम ठोकला. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो फुटलेला दिवा दाखवायचा आणि घाटात काय झालं ते सांगायचा. पोलिसाची धमकी झाली. तो हलला नाही. गिऱ्हाइकं परत जाऊ लागली, तसं एजन्सीच्या शेठनंच त्याला आत बोलावलं आणि मालधक्क्यावरून नुकतीच आणलेली कोरी गाडी त्याच्यापुढं उभी केली.

"ही घेऊन जा. जुनी इथं ठेव. मात्र यापुढं कुठं तोंड उघडायचं नाही."

सहदेवनं नव्या गाडीत दगड भरले आणि तिला पातूरच्या घाटात नेलं. दोन दिवस ती वर चढवली, खाली उतरवली. पायथ्यापर्यंत ब्रेक घट्ट राहिला. गाडी थांबवून तो खाली उतरला आणि रस्त्याच्या कडेला नुसताच बसून राहिला.

जुन्या गाडीतलं अंथरूण आणि भांडी घ्यायला तो एजन्सीच्या आवारात परतला. तिला त्यानं ओळखलंच नाही. दिवा नवा होता. पोचे काढून रंग मारला होता. बॉनेटवर झेंडूचा हार होता. परतवाड्याचा अब्दुल गफ्फार तिच्या टायरवरून हात फिरवत होता. त्याची बायको कुलसुमबी एजन्सीच्या पायरीवर बसली होती. ती पोटुशी होती.

"तुमचीच होती ना हे, भाऊ?" गफ्फारनं विचारलं. "थोडीशी चाललेली हाय म्हनून बिगर नंबरची भेटून राहिली. सेमाडोहच्या लाइनवर टाकतो तिले. कशी हाय गाडी?"

शेठ दारात येऊन उभा राहिला. नव्या गाडीची चावी सहदेवच्या मुठीत होती.

"चढाले लाख हाय," सहदेव म्हणाला.

गफ्फारचा चेहरा फुलला. एवढ्यावर थांबता आलं असतं. बोललं ते खोटंही नव्हतं. कुलसुमबी हळूच उठली, गाडीच्या पायरीवर पाय ठेवून आत डोकावली आणि ड्रायव्हरशेजारची सीट तिनं पदरानं पुसली.

"उताराले ब्रेक लागत नाही," सहदेव पुढं म्हणाला. "माह्या मजुराचा पाय मोडला. घेऊ नोका."

शेठनं हात पुढं केला. सहदेवनं नवी चावी त्या हातावर ठेवली.

"अन् आता हे कोनाले इकताबी येत नाही तुमाले," तो म्हणाला. "हे गाडी माहीच हाय."

त्यानं बॉनेटवरचा हार काढून एजन्सीच्या पायरीवर ठेवला आणि तो जुन्या गाडीत चढून बसला.

मोर्शीपर्यंत रस्ता सपाट होता. गाडीनं कसलीही कुरकुर केली नाही. दुपारी ती घरासमोर थांबली, तेव्हा कोरा रंग पाहून सत्यभामा धावतच बाहेर आली.

"देल्ली बदलून?"

"नाही. तेच हाय."

"काहून?"

"नवी देत होते. पन हे दुसऱ्याच्या गळ्यात घालून राहिले होते. त्याची बायको पोटुशी होती."

सत्यभामा वळली आणि आत गेली. आत भांडी आदळल्याचा आवाज झाला. सहदेव इंजिन चालूच ठेवून मान खाली घालून बसला. तिनं काय सांगून पाठवलं होतं ते त्याला आठवत होतं. उतरावं की नाही, ते कळेना.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात भाकरीचं गाठोडं होतं. तिनं दाराला कडी लावली, कुलूप घातलं आणि साडी खोचून गाडीच्या पायरीवर पाय ठेवला.

"बंद करू नोका गाडी," ती म्हणाली. "सरका. अकोल्याले मीबी येतो."