आणखी तीन सह्या

जोसलिन हार्डकॅसलला दुपारपर्यंत आणखी तीन सह्या हव्या होत्या, आणि त्यातली एक डेन्झिल पेनहॅलोची होती.

पंतप्रधानांनी राजीनामा दिला होता. युरोप सोडायचं, असा कौल लोकांनी देऊन तीन वर्षं झाली होती; कसं सोडायचं ते अजून ठरत नव्हतं. पक्षाचा नेता व्हायला जो तो गुडघ्याला बाशिंग बांधून तयार होता. पण अर्जावर पुरेशा खासदारांच्या सह्या असल्याशिवाय कुणालाच उभं राहता येत नव्हतं.

जोसलिन यॉर्कशरची. गिरण्या बंद पडलेल्या गावातून निवडून आलेली आणि युरोपात राहायचंच, म्हणून गावाशीही भांडलेली. चार दिवस ती संसदेच्या जिन्यांवरून वरखाली करत होती. एका वर्तमानपत्राने ‘हार्डकॅसल मैदानात?’ असं छापून टाकलं. पत्रकारांनी गाठलं, तेव्हा ती म्हणाली, बारानंतर बघा.

सकाळी नवऱ्याचा फोन आला. लायनेल घाबरट नव्हता. पण मागच्या वर्षी त्यांच्या दारावर कुणीतरी अंडी फेकली होती आणि ती त्यानेच पुसली होती. या वेळी दोन्हीकडचे लोक फेकतील, एवढंच तो म्हणाला. मग, संध्याकाळी जेवायला काय करू, असं विचारून त्याने फोन ठेवला.

सर बार्नबी चहाच्या दालनात खिडकीपाशी बसले होते. युरोपवाल्यांमधले सगळ्यात म्हातारे. टोस्टला लोणी लावत त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं.

“आपले लोक तुला काय म्हणतील, कल्पना आहे?”

“म्हणायचं काही शिल्लक ठेवलंय का त्यांनी?”

“तीन वर्षं ते जिंकायची वाट बघतायत, जोसलिन.”

“आणि लोक भांडण मिटायची. माझ्या गावात दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या मुलांच्या लग्नाला गेले नाहीत, सर. अजून किती वर्षं जिंकत बसायचं?”

म्हाताऱ्याने टोस्ट संपवला, हात पुसले आणि खिशातून पेन काढलं. पहिल्या फेरीतच बाद झालं तर हसू होईल, एवढं मात्र त्यांनी बजावलं.

दुसरी सही ऑड्री किल्ब्राइडची. ती पक्षातल्याच पलीकडच्या गोटातली, युरोपला शिव्या देत निवडून आलेली. जोसलिन तिच्याकडे आलीच कशी, याचंच तिला आधी नवल वाटलं. मग तिने अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला आणि ती म्हणाली, की आमच्यातलं कुणी हे खरं मानणार नाही, पण मला आवडलं. तिने सही केली.

“आता कुठे?”

“डेन्झिलकडे.”

“दार लावून घेईल तो.”

“त्याच्याशिवाय अर्ज पुरा होत नाही.”

डेन्झिल कॉर्नवॉलच्या एका मासेमारी बंदराचा खासदार. तो आणि जोसलिन एकाच वर्षी संसदेत आले, दोन वर्षं एकाच खोलीत बसले, एकमेकांची भाषणं दुरुस्त करत राहिले. मग मतदान आलं. तो युरोप सोडा म्हणत गावोगाव फिरला. तिने त्याला टीव्हीवर देशबुडवा म्हटलं, त्याने तिला भर सभेत ब्रसेल्सची सून म्हटलं. तेव्हापासून समोरासमोर आले, की दोघंही मोबाइल काढत.

पण मागच्या उन्हाळ्यात जोसलिन आणि लायनेल सुट्टीवर त्याच्याच बंदरात होते. संध्याकाळी त्याची सभा होती. दोघं गुपचूप मागे जाऊन बसले. मासळीच्या कारखान्यातली एक पोर्तुगीज बाई प्रश्न विचारायला उठली आणि लोकांनी तिला ‘घरी जा’ म्हणून ओरडून खाली बसवलं. ते सगळे डेन्झिलचेच मतदार. डेन्झिल मंचावरून उतरला, तिच्या हातात माइक दिला आणि म्हणाला, या बोलेपर्यंत मी बोलणार नाही. अर्धं सभागृह उठून गेलं. तो तिच्या शेजारी उभाच राहिला. त्या रात्री जोसलिनला झोप लागली नाही.

त्याच्या खोलीत खोकी पडली होती. पुढची निवडणूक लढवायची नाही, असं त्याने ठरवल्याचं तिने ऐकलं होतं. तिला बघून तो उठला, खुर्चीवरची पुस्तकं बाजूला केली. दार त्याने लावलं नाही. चहा विचारला. ती नको म्हणाली, तरी त्याने केला, आणि पाठमोरा असतानाच म्हणाला, की ते सुनेचं बोलायला नको होतं. तिने आपलंही चुकल्याचं सांगितलं. त्याने कप तिच्यापुढे ठेवला.

मग त्यानेच विषय काढला.

“तू का आलीस ते कळलंय मला. इमारतभर तेच चाललंय. खरं सांगू, जॉस? दोन्हीकडच्या सह्या गोळा करणं या घडीला दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. माझं मन हो म्हणतंय. पण बंदरावरच्या लोकांना मी काय तोंड दाखवू? सगळी हयात युरोपच्या नावाने बोंब मारली आणि नेता म्हणून तुला निवडलं?”

“मला निवड असं कोण म्हणालं?”

“मग अर्ज कुणाचा आहे?”

जोसलिनने कागद त्याच्यासमोर ठेवला आणि त्यावर पेन.

“माझे अर्धे, तुझे अर्धे, सगळ्यांनी सह्या केल्यात, डेन्झिल. आता उमेदवाराची तेवढी राहिलीये.”