फक्कीतलं पाऊल

"कोपऱ्याची खोली सोडून काय बी करा, गुरुजी," हंबीरराव म्हणाले. "तितं आकाराम गेलाय. गाव पोरं पाठवायचं न्हाय."

हंबीरराव शाळा समितीचे अध्यक्ष. सम्मेद गुरुजींनी हातातलं फक्कीचं घमेलं खाली ठेवलं. कोरोनात बंद पडलेली शाळा उद्या उघडायची होती. दाराशी साबण-पाण्याची बादली, तोंडाला मास्क, एका पोरापासून दुसरं पोर लांब. सगळं ठरलं होतं. पण शिरोळच्या बाजूच्या त्या गावात शाळेला खोल्या तीनच. कोपऱ्याची सोडली तर चौथीची पोरं काय कौलावर बसवायची?

आकाराम मुंबईहून, लेकाकडून परत आला तेव्हा गावानंच त्याला वेशीवरून आणून या खोलीत ठेवलं होतं. इथंच एका पहाटे तो गेला. गाडी आली नि घेऊन गेली. घरच्यांना तोंड दिसलं नाही. आणि आता गाव म्हणत होतं, म्हातारा अजून खोलीतच हाय. आधी माणसाला कोंडायचं आणि मग त्यालाच भ्यायचं, ही आपली रीत.

गुरुजींनी हट्टानं कुलूप काढलं. फिनेलनं फरशी धुतली. पोरांच्या बसायच्या जागी ते फक्कीचे गोल काढू लागले. खो-खोचं मैदान आखायची पांढरी फक्की ती. खिडकीपाशी घमेलं कलंडलं आणि ढीगच सांडला.

तेवढ्यात दारात धोंडुबाई उभी. आकारामची बायको. कुलूप निघाल्याचं तिला कुणी सांगितलं कुणास ठाऊक. ती त्या पांढऱ्या ढिगाकडं बघतच राहिली.

"पीठ पसरलंसा व्हय, गुरुजी? आमच्या मालकांसाठी? खाट तितंच हुती त्यांची."

माणूस जिथं गेला तिथं पीठ पसरायचं, शेजारी दिवा लावायचा, पिठावर बुट्टी, म्हणजे टोपली, झाकायची. सकाळी पिठात पाऊल उमटलं म्हणजे जीव सुटला. धोंडुबाईचं ते करायचं राहूनच गेलं होतं.

हंबीरराव तोंड उघडणार तोच गुरुजी म्हणाले, "व्हय, मावशी."

खोटं बोलायची सवय नव्हती, कान लाल झाले. त्यांनी सरस्वतीच्या फोटोपुढचं निरांजन आणलं, पोरांच्या खिचडीसाठीचं तेल घातलं. धोंडुबाईनं फक्की हातानं सारखी केली, वात लावली, शाळेतलीच एक बुट्टी झाकली. मग हात जोडून बसली.

"पाऊल उमटलं तर गाव गप बसंल," बाहेर पडताना हंबीरराव म्हणाले. "न्हाईतर पुन्हा कुलूप."

सकाळी गुरुजी सगळ्यांच्या आधी आले. बुट्टी उचलली. फक्की होती तशीच. मुंगीसुद्धा फिरकली नव्हती. फाटकाबाहेर आयाबाप पोरांचे हात धरून उभे राहायला लागले होते, आत मात्र कुणी येईना. गौरी आणताना बायका मुठीनं पावलं काढतात, ते गुरुजींना आठवलं. मूठ टेकवायची, वर बोटांचे पाच ठिपके. त्यांनी एकदा दाराकडं बघितलं आणि मूठ टेकवली.

बुट्टी पुन्हा झाकतात न झाकतात तोच धोंडुबाई आली, मागं हंबीरराव आणि चार माणसं. तिनं बुट्टी उचलली.

"उमटलंय की," हंबीरराव म्हणाले. "माणसाचंच हाय. सुटला आकाराम."

माणसं फाटकाकडं सांगत सुटली. धोंडुबाई मात्र खाली बसली. पाऊल इवलंसं होतं. असली पावलं तिनं जन्मभर उंबऱ्यापासून देव्हाऱ्यापर्यंत काढली होती. तिनं मान वर केली ती थेट गुरुजींच्या हाताकडं. करंगळीच्या कडेला पांढरं लागलं होतं. गुरुजींना वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

बाहेर फाटक वाजलं. खूप दिवसांनी अंगणात पोरांचा गलका उठला.

धोंडुबाईनं पदरानं डोळे पुसले. विझलेलं निरांजन उचलून गुरुजींच्या पुढं ठेवलं.

"हात धुवा, गुरुजी," ती हळूच म्हणाली. "पोरं याय लागल्यात."