काकाचं पिंप

दरवर्षीच्या सायकलसहलीत वाटेतल्या जुन्या वायनऱ्यांतून घोटभर वाइन गोळा करायची आणि शेवटच्या वायनरीत जो पहिला पोचेल त्याने ती तिथल्या मोठ्या पिंपात ओतायची, अशी रीत होती. म्हणून पायांत गोळे येईपर्यंत पॅडल मारून मी पहिली आले. वायनरी माझ्या काकाची. हेल्मेटखालची पुतणी त्याने ओळखलीच नाही. “हे पिंप म्हणजे आमचं काळीज,” तो सांगत होता. “भावाने एकदा सगळी वाइन नासवली. हाकलावंच लागलं त्याला!” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नासवली होती यानेच. बाबा तो आळ घेऊनच गेले. मी सायकलची बाटली उघडली. तिच्यात वाइन नव्हती, व्हिनेगरचं विरजण होतं, पिंपभर वाइन आंबवून टाकणारं, सहलभर जोपासलेलं. काका फोटोसाठी दात काढत होता. शेवटचा थेंबही मी निथळू दिला. बूच काकानेच ठोकलं. “आता वर्षभर कुणी उघडायचं नाही!”