ग्रीसवरचा ठसा

आखातात, अल ऐनजवळच्या खजुराच्या बागेत अन्वर ट्रॅक्टरच्या सांध्यांवरचं जास्तीचं ग्रीस पुसत होता. खरं तर हे काम त्याच्या जोडीदाराचं, सुजीतचं, पण ग्रीसगन हाती आली की त्याचा हात सैल सुटायचा. “अरे, मोदकावर तूप वाढतोयस काय? वाळू चिकटून सांधा झिजेल!” अन्वर ओरडायचा. “उद्या पुसतो, अन्वरभाई,” म्हणत सुजीत हसायचा. परवाही तसंच म्हणाला, खोलीवर जाऊन झोपला, तो उठलाच नाही. आज त्याची शवपेटी मुंबईच्या विमानात चढली. शेवटच्या सांध्यावरच्या ग्रीसमध्ये त्याच्या अंगठ्याचा ठसा होता, अगदी रेषांसकट. अन्वरचा हात थांबला. रडू येत नव्हतं, काहीच येत नव्हतं. “यल्ला, चल अन्वर! रोपं सुकतायत, टँकर कधी जोडणार?” मुकादमाने हाक मारली. “आलो,” अन्वर म्हणाला. बिस्मिल्ला म्हणून त्याने फडक्याने ठसा पुसला. सांधा लख्ख झाला. फडकं कुठे टाकावं, कळेना.